स्वेटरातली दुपदरी पट्टी

आमच्या गल्लीत एक रीत आहे. कुणाच्या घरी गेलं आणि घरातली बाई विणत बसलेली असली, तर ती सुया खाली ठेवून चहा टाकायला आत जाते, आणि आलेली बाई न विचारता त्या सुया उचलते. चहा उकळेपर्यंत दोन ओळी विणून ठेवायच्या. त्यासाठी कुणी परवानगी मागत नाही आणि कुणी आभारही मानत नाही. शेजारच्या अक्कांचं म्हणणं असं, की एकाच हातानं विणलेला स्वेटर अंगाला चावतो. अक्कांच्या बऱ्याच म्हणण्यांसारखं हेही मी कानाआड केलं होतं, कारण तेव्हा विणकामाशी माझा काही संबंध नव्हता. मी कापसाचा माणूस.

धरणगावला कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनमध्ये माझी सगळी नोकरी झाली. शेतकऱ्याची गाडी दारात आली, की मूठभर कापूस काढायचा, सरकी बाजूला करायची, रुईची बट दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायची आणि धाग्याची लांबी सांगायची. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. इतकी वर्षं ते केल्यावर माणसाला थोडी घमेंड येते. लोकरीकडे मी नाक मुरडूनच पाहायचो. बाजारात रंगीबेरंगी गुंडे मिळतात ती लोकर तरी कुठली असते, नुसतं प्लास्टिक, असं मी घरात ऐकवायचो. बायको तिकडे लक्ष न देता विणत राहायची.

ती सोनगीरची. लग्नात माहेरची तीन पितळी तपेली आली तशा विणायच्या सुयाही आल्या, आणि दोन्ही अजून वापरात आहेत. निवृत्तीनंतर आम्ही धुळ्यात, देवपुरात घर केलं तोवर तिनं किती जणांना स्वेटर घातले असतील याचा हिशेब तिच्याकडेही नाही. माझ्या भावांना, त्यांच्या पोरांना, जिनमधल्या हमालांच्या तान्ह्या बाळांना, समोरच्या भाभींच्या चारही लेकरांना. आमच्याकडे उन्हाळ्याचाच बोभाटा फार, पण पौषातल्या पहाटे पांझरा नदीवरून वारं सुटतं तेव्हा हाडं बोलतात. त्या थंडीत सगळी गल्ली तिच्या स्वेटरात असायची, आणि ती स्वतः माझी जुनी शाल गुंडाळून सडा टाकायची. स्वतःसाठी तिनं कधी विणलंच नाही. विचारलं की म्हणायची, पुढच्या हिवाळ्यात.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत ती दारापुढच्या ओट्यावर घसरली. साबणाचं पाणी तिनंच टाकलेलं, त्यामुळे भांडायलाही कुणी नव्हतं. उजवं मनगट मोडलं. हाड व्यवस्थित जुळलं, प्लास्टरही निघालं, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर राहिली. डॉक्टर म्हणाले, नस दबली होती, हळूहळू संवेदना येईल, पण हात वापरत राहा, बोटांना काम द्या. येईलच, असं मात्र ते म्हणाले नाहीत. दवाखान्यातून बाहेर पडलो आणि तिथून पुढे आमच्या घरात एकच प्रश्न होता: तिचा हात परत येतो की नाही.

आता माझा स्वभाव सांगितला पाहिजे. माझ्या पोटात काही राहत नाही. उचलली जीभ की लावली टाळ्याला. प्लास्टर निघालं त्याच संध्याकाळी मी ओट्यावर उभा राहून गल्लीला जाहीर केलं, की आता महिन्याभरात बघा, सुया पुन्हा चालू. अक्का आल्या, समोरच्या भाभी आल्या, अजून दोघी आल्या, आणि कौतुकानं सुया तिच्या हातात ठेवल्या. तिनं टाके घालायला घेतले. सुई बोटांतून निसटली. तिनं उचलली, पुन्हा निसटली. सगळ्या जणी इकडंतिकडं बघायला लागल्या. भाभींनी भाजीचा विषय काढला. बायकोनं सुया कापडात गुंडाळल्या, ट्रंकेत टाकल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

त्यानंतर तिनं विणकामाचं नाव काढलं नाही. दाबायला म्हणून मी रबरी चेंडू आणून दिला होता, तो देव्हाऱ्याशेजारी जाऊन बसला. रोज त्याला उदबत्ती लागायची, पण हात काही लागायचा नाही. मी दोनतीनदा समजावायला गेलो. पी हळद अन् हो गोरी असं कुठं असतं, रोज थोडं थोडं करायचं, वगैरे. ती शांतपणे म्हणाली, माझं विणून झालं आता, बठ्ठ्यांना, म्हणजे सगळ्यांना, घालून झाले. भाकरी ती डाव्या हातानं थापायला शिकली होती, त्याचं तिला काही वाटत नव्हतं. सुया ट्रंकेत गेल्याचं मात्र वाटत होतं, हे मला दुपारी दिसायचं. जेवण झाल्यावर ती भिंतीला टेकून बसायची आणि मांडीवर दोन्ही हात नुसते ठेवलेले असायचे. चाळीस वर्षांत मी ते हात दुपारी रिकामे पाहिले नव्हते.

पुढचा हिवाळा तोंडावर आला तेव्हा एक दिवस मी ट्रंक उघडली. सुयांच्या खाली उरलेल्या लोकरीची गाठोडी होती. कुठल्याच गुंड्यात एका बाहीपुरतीही लोकर नव्हती. मुलीच्या शाळेच्या स्वेटरातली मोरपंखी, माझ्या मफलरातली राखाडी, कुणाच्या टोपड्यातली लिंबाच्या रंगाची, एक मरून कुणाची ते तिलाही आठवेना. सगळी बारीक. एकट्या धाग्यानं त्यात काही होणार नव्हतं. पण जिनमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला एवढं कळतं, की बारीक धागे एकत्र धरले की जाड होतात. मी सगळं तिच्यासमोर ओतलं आणि म्हणालो, तीन तीन धागे एकदम घेऊन तुझ्यासाठी स्वेटर विणायचा. तिनं विचारलं, कोण विणणार? मी म्हणालो, मी.

ती हसली. किती महिन्यांनी हसली असेल देव जाणे. हसता हसता म्हणाली, "तुम्हले जमाव नही."

हे ती म्हणाली नसती तर कदाचित मी दोन दिवसांत सोडून दिलं असतं.

शिकवायला मात्र ती कडक. जाड सुया तिनं काढून दिल्या, कारण तीनपदरी लोकर बारीक सुयांवर बसत नाही. तिन्ही गुंडे तिनं माहेरच्या तीन पितळी तपेल्यांत वेगवेगळे ठेवायला लावले, नाहीतर ते लोळतात आणि एकमेकांच्या गळ्यात पडतात. धाग्यांना पीळ द्यायचा नाही, शेजारी शेजारी चालू द्यायचे. एक रंग संपत आला की त्याच जागी दुसरा जोडायचा, पण तिन्ही एकदम बदलायचे नाहीत, म्हणजे रंग हळूच सरकतो, पट्टे दिसत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुयांकडे टक लावून बघायचं नाही. प्रत्येक टाक्याला अंगठ्याखाली तिन्ही धागे लागले पाहिजेत. डोळा फसतो, बोट फसत नाही, असं ती म्हणाली आणि उजवा हात तिनं पदराखाली घेतला. मीही तिच्या हाताकडं बघायचं टाळलं.

पहिले काही दिवस मी जे विणलं ते विणलं म्हणायचं इतकंच. टाके इतके घट्ट की सुई पुढं सरकेना. ती म्हणायची, गाठी आवळताय का कापसाच्या? मग सैल केले तर चाळणी झाली. तिनं ते सगळं उसवायला लावलं, पुन्हा घालायला लावलं, पुन्हा उसवायला लावलं. लोकर तीच, म्हणून बिचारी सहन करत होती. पण अंगठ्याखाली तीन धागे ओळखायला मला वेळ लागला नाही. रुईची बट ओढून लांबी सांगणारी बोटं होती ती, शेवटी कामाला आली. बॉर्डर झाली, पाठीचा भाग वर चढायला लागला, आणि माझी छाती त्याबरोबर वर यायला लागली.

गल्लीत चेष्टेला ऊत आला. मी ओट्यावर उन्हाला बसून विणायचो, येणारा जाणारा थांबायचा. भाभींचे मालक गाद्या-रजया भरतात, ते दुकानाला निघताना रोज एक टोमणा मारून जायचे. कापसाची माणसं असून तुम्ही लोकरीत गेलात, आम्ही आता कुणाच्या तोंडाकडं बघायचं. मी म्हणायचो, तुमची रजई अंगावर घेऊन भाजी आणायला जाता येतं का? मला या चेष्टेचं काही वाटत नव्हतं, उलट बरं वाटायचं. बायकोही आतून ऐकायची आणि मधूनच एखादं वाक्य बाहेर फेकायची.

एक गोष्ट मात्र मला खटकायची, ती म्हणजे ती रीत. कुणी आलं की मी रीतसर सुया ठेवून आत चहा टाकायला जायचो, आणि आलेली बाई त्या उचलायची. बायकोच्या विणकामात चार हात लागले तर मला कधी काही वाटलं नव्हतं, पण हा स्वेटर वेगळा होता. मला वाटायचं, हिनं सगळ्यांना घातले, हिला एक तरी असा मिळावा की ज्यातला टाका न् टाका माझा आहे. हे मी कुणाला बोललो नाही, म्हणजे बघा किती मनाला लागलं होतं. चहा मात्र मी फार लवकर करायला लागलो. आमच्याकडचा चहा कच्चा असतो अशी बातमी त्याच काळात पसरली.

मार्गशीर्षात जिनमधून निरोप आला. माझ्या जागी आलेला माणूस आजारी पडला होता आणि दारात गाड्यांची रांग लागली होती. जिनच्या मालकांनी आठवण काढली, याचा मला आनंद झाला हे कबूल करतो. मी अक्कांना सांगितलं, दुपारी घरी येऊन बसत जा, हिला सोबत होईल. विणकाम ओट्यालगतच्या खोलीत तिन्ही तपेल्यांसकट तसंच ठेवलं आणि एसटीनं धरणगावला गेलो. तिथे जुनी माणसं भेटली, हवा कोरडी, कापूस स्वच्छ, संध्याकाळी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीवर वांगी भाजून भरीत. मी ठरवलं होतं त्यापेक्षा जास्तच राहिलो. फोनवर बायकोचा आवाज बरा वाटायचा. घाई करू नका, असंही म्हणाली. मला जरा नवल वाटलं, पण भरीत खाल्लेल्या माणसाला फार शंका येत नाहीत.

परत येताना पिशवीभर वांगी आणली. घरी आल्यावर विणकाम उचललं तर ते वाढलेलं होतं. चारपाच बोटं तरी. मी विचारलं, अक्कांनी विणलं का? तर बायको म्हणाली, अक्का रोज येत होत्या. मी मनात थोडा चरफडलो आणि तिथून पुढे विणायला लागलो.

आठवडा गेला असेल. पाठ काखेपर्यंत आली होती. लांबी मोजायला म्हणून मी ती दारात उन्हासमोर उंच धरली, आणि मधून उजेड आला. सगळं विणकाम दाट, आणि मध्ये एक आडवी पट्टी विरळ. मी पट्टीवरून बोट फिरवलं. दोनच धागे. तिसरा, मोरपंखी, कडेला लोंबत वर आला होता आणि पट्टी संपल्यावर पुन्हा सामील झाला होता. मी धरणगावला होतो तेव्हाची पट्टी. कुणीतरी तिसरा धागा उचललाच नव्हता. खालच्या ओळी तर अशा वेड्यावाकड्या, की एक टाका लांब, एक आखूड, एक निसटून पुन्हा पकडलेला.

मला राग आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या अक्कांनी सुया उचलाव्यात कशाला? दिसत नाही तर गप्प बसावं. बायको आत भांडी आवरत होती, मी हे सगळं मोठ्यानं बोललो. मी म्हणालो, हे सगळं पट्टीपर्यंत उसवणार. वारं शिरेल यातून, आणि ऐन पाठीवर. आतला भांड्यांचा आवाज थांबला. पण सगळं उसवायचं म्हणजे माझ्या आठवड्याची मेहनत पाण्यात, म्हणून मी चालढकल करत राहिलो. तेवढ्यात दुसरी खबरदारी घेतली. फिरायला जाताना विणकामाची पिशवी माळ्यावर ठेवायला लागलो. तपेलीही वर. म्हटलं, आता कोण उचलतंय बघू.

पहिल्याच दिवशी मी पुलावरून फिरून आलो तर अक्का ओट्यावर बसलेल्या. त्यांनी मलाच विचारलं, "सुया कोठे शेत, भाऊ?" मी म्हणालो, माळ्यावर. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. आमच्या गल्लीत आलेल्या माणसापासून सुया लपवणं म्हणजे पाणी न विचारण्यासारखं. अक्का उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश पायऱ्या उतरल्या आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी नाहीत.

घरातही हवा बिघडली. बायको चिडचिड करायला लागली. भाजीत मीठ, माझ्या चपला, माळ्यावरची धूळ, कशावरूनही. माळ्यावर काय काय चढवून ठेवलंय, माणसाचा हात पोचत नाही, असं ती म्हणाली तेव्हा मी सांगितलं, तुला काही हवं असेल तर मला सांग, मी काढून देतो. तिनं मान फिरवली. मला वाटलं, अक्कांची बाजू घेतेय. मी आणखी ताठ झालो. आपल्यासाठी कुणी एवढं मर मर विणतंय आणि आपण बाजू घ्यायची शेजारणीची, असं सगळं माझ्या डोक्यात चाललं होतं.

शेवटी समोरच्या भाभी आल्या. मालकांच्या वतीनं बोलायला येतात तेव्हा त्या पदर सारखा करून दारातच उभ्या राहतात, तशा उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं, की अक्का रडत होत्या. अक्कांनी ऑपरेशननंतर सुईला हातही लावलेला नाही, त्यांना डॉक्टरांनीच मनाई केलेली आहे. त्या इथे येऊन नुसत्या बसायच्या, जपमाळ ओढायच्या. मग मी भाभींकडं बघितलं. त्या म्हणाल्या, माझ्याकडं कशाला बघता भाऊ, तुम्ही गेलात त्या सगळ्या दिवसांत आमच्याकडं रजयांची घाई, मला माझं तोंड धुवायला वेळ नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं. जाताना त्यांनी आत बायकोकडं पाहिलं आणि पायऱ्या उतरल्या.

मी खजील झालो, पण खजील झालेला माणूस चटकन शहाणा होतोच असं नाही. मी म्हटलं, कुणी का विणलं असेना. अक्कांची माफी मागून येईन, पण पट्टी ती पट्टीच. पिशवी माळ्यावरून खाली काढली, ओट्यावर ऊन होतं तिथं बसलो, आणि उसवायची म्हणून सुई टाक्यांतून ओढायला घेतली. सुई निघाली की सगळे टाके उघडे पडतात, मग धागा ओढायचा, सरसर सुटत जातं. बायको दारात येऊन उभी होती. डाव्या हातानं तिनं उजवं मनगट धरलं होतं.

"उसवू नका," ती म्हणाली. "ती पट्टी मनी शे."

मला लगेच कळलं नाही. मी म्हणालो, तुझीच आहे, सगळा स्वेटर तुझाच आहे. ती खाली बसली, माझ्या समोर, आणि बोटानं ती विरळ पट्टी दाखवली. "मी विणेल शे ती. तिसरा धागा आजून बोटले लागत नही."

मी सुई तशीच धरून बसलो. हळूहळू सगळं सांगितलं तिनं. मी गेलो त्या दुपारी तपेली समोर होती, घरात कुणी नव्हतं, म्हणून सुया उचलून पाहिल्या. निसटल्या. तिनं पुन्हा उचलल्या. अक्का येऊन बसायच्या, पण अक्कांना नीट दिसत नव्हतं, आणि बघायचंही नव्हतं. त्या माळ ओढत बसायच्या आणि ही सुया ओढत बसायची. दोघींनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मी आल्यावरही ती मी फिरायला जाण्याची वाट बघायची, एकदोनदा नुसती सुई धरून बसली, विणलं नाही, आणि मग मी पिशवीच माळ्यावर टाकली. अक्कांपासून मी सुया लपवल्या तेव्हा तिला फार लागलं होतं, कारण अक्कांना ठाऊक होतं आणि तरी त्यांनी तिचं नाव सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"माले जमस का नही हाई मालेच ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही ते बठ्ठी गल्लीले सांगी येतात."

त्या संध्याकाळी ओट्यावर मीच उभा राहिलो होतो, आणि सुई निसटताना सगळ्यांनी पाहिली होती, ती माझ्यामुळेच.

मग मी ती पट्टी पुन्हा हातात घेतली. या खेपेला मी ती रुई बघावी तशी पाहिली, खालून वर, सावकाश. सगळ्यात खालची ओळ पार वाकडी. तिच्यावरची तितकीच वाकडी. पण मधल्या ओळींत लांब टाके कमी होत गेले होते. एखादा निसटलेला टाका दिसायचा, तो पकडलेला असायचा, पुढं निसटलेला दिसायचाच नाही. आणि पट्टीच्या वरच्या कडेच्या दोन ओळी, माझं विणकाम सुरू होण्याच्या अगदी खालच्या, त्या मी पुन्हा पुन्हा पाहिल्या. दोनच धाग्यांच्या, विरळ, पण टाके सगळे एकसारखे, ना घट्ट ना सैल. ते टाके मी माझ्या मफलरात पाहिलेत, मुलीच्या शाळेच्या स्वेटरात पाहिलेत. आठवडाभर मी ही पट्टी रागानं पाहत होतो आणि यातलं एक अक्षर मला वाचता आलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. मी ते लपवलंही नाही, ओट्यावर, भर उन्हात.

ती म्हणाली, सुई नीट धरा, टाके गळतील.

मी सगळे टाके परत सुईवर घेतले. एकही उसवला नाही. मग विणकाम तिच्या मांडीवर ठेवलं, तीन तपेली तिच्या पायाशी सरकवली आणि म्हणालो, मी चहा टाकतो. आमच्या गल्लीत याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जाताना मी मोरपंखी धागा उचलून तिच्या अंगठ्याखाली ठेवला. बोटाला लागत नसेल तर तूर्त डोळ्यांनी बघ म्हटलं, डोळा फसला तर फसू दे.

आत जाऊन मी पाणी ठेवलं. आलं शोधलं, सापडलं होतं तरी पुन्हा शोधलं. ते किसलं, साखर घातली, पूड घातली, आच बारीक केली. खिडकीतून मला अक्का पायऱ्या चढून येताना दिसल्या, बहुतेक भाभींनी पाठवलं असावं. त्या तिच्या शेजारी बसल्या, माळ काढली आणि ओढायला लागल्या. बाहेरून सुयांचा आवाज येत होता, मधूनच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. गल्लीला सांगावं असं फार मनात आलं, अगदी ओठांवर आलं. मी तोंड मिटून दुधाचं पातेलं उचललं, पुन्हा खाली ठेवलं, आणि गॅस आणखी बारीक केला.